आधी काय तुटावं

अमरावती ते अकोला या पट्ट्यातल्या ज्या ज्या मंडळींच्या शेतात, गच्चीवर अथवा डोक्याच्या अगदी जवळ आजवर आमचं एखादं हेलिकॉप्टर पडलं असेल, त्या सर्वांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, पडल्यावर आधी काय तुटावं या प्रश्नावरचा वऱ्हाडातला सर्वांत जुना वाद गेल्या रविवारी मूर्तिजापूरजवळच्या एका शेतात सुनावणीला निघाला. वादी स्वतः हजर होता. प्रतिवादी सुनावणीआधीच जग सोडून गेल्यामुळे त्याची बाजू त्याच्या हेलिकॉप्टरनं मांडली.

दिग्या, प्रतिवादी म्हणजे तू.

तुझ्या तेरवीला लोक माझ्याकडं बघत होते. मी काहीतरी बोलावं अशी त्यांची इच्छा होती, कारण बोलण्यासाठी मी बदनाम आहे. एकानं सांगितलं, दिगांबरराव फार शांत स्वभावाचे होते. दुसऱ्यानं सांगितलं, कधी कुणाशी वाद नाही. मी भिंतीला टेकून गप्प बसलो. म्हटलं, हे लोक चुकीच्या तेरवीला आलेले दिसतात. ज्या माणसानं एका प्लास्टिकच्या चक्रीवरून माझ्याशी अर्धं आयुष्य भांडण केलं, तो वादच करत नसे म्हणे. तू असतास तर तिथंच उठून म्हणाला असतास, "काहून खोटं बोलून राहिले बे?"

तर आता मी बोलतो. मध्ये तोंड घालायची तुझी सवय होती, तेवढी यंदा जमणार नाही.

आपला धंदा काय होता ते आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल आपण वैमानिक होतो. मी अमरावतीचा भांडेवाला. तू अकोल्याचा विम्याचा सर्वेअर, अपघात झालेल्या गाड्या तपासायला जाणारा. आणि पन्नाशी ओलांडली तरी आपला खेळ एकच, रिमोटवर उडणारी हातभर लांबीची हेलिकॉप्टरं. खेळण्यातली नव्हेत. भाग भाग मागवून स्वतः जोडायची, जोडताना बायकांच्या शिव्या खायच्या आणि मग उडवून पाडायची. उडवणं सगळ्यांना दिसतं. पण हेलिकॉप्टरवाल्याचा खरा संसार पडण्याशी असतो. विमान पडता पडता तरंगतं, पतंग तर मिजाशीत उतरतो. हेलिकॉप्टर पडतं तेव्हा त्याची पाती फिरत असतात, आणि जमिनीला लागल्यावर ती फिरण्याची सगळी ताकद कुणाच्या तरी अंगावर जाते. कुणाच्या अंगावर जावी, एवढाच आपला वाद.

माझं म्हणणं साधं होतं. वस्तू मजबूत करा. पात्यांचं डोकं अल्युमिनियमचं, पाती कार्बनची, चक्री धातूची. माझ्या घराण्यात दोन पिढ्या स्टील आणि पितळ विकलं गेलं, धातूवर माझी श्रद्धा आहे. माझ्या हेलिकॉप्टरचं नाव तू 'पातेलं' ठेवलंस. मी ते अभिमानानं मिरवलं.

तुझं म्हणणं उलटं. पाती लाकडाची हवीत, पडली की काडीसारखी मोडणारी. मोटरची ताकद वरच्या दांड्याला देणारी ती पुरीएवढी दातेरी चक्री, ती प्लास्टिकचीच हवी. जमिनीचा मार बसला की तिचे दात झडले पाहिजेत. ती मेली म्हणजे दांडा वाचला, दांडा वाचला म्हणजे सांगाडा वाचला. "पडणार तं आहेच," तू म्हणायचास. "मंग काय तुटाचं ते आपण ठरवाव ना बे. जमिनीवर काहून सोडाव?"

हे तू गाड्यांकडून शिकलास. एकदा मी विचारलं होतं, रोज चेंदामेंदा बघून जेवण कसं जातं तुला. तू ताटातून मान वर न करता म्हणालास, "जिचं नाक चपटं झालं ना, तिच्यातला माणूस बाहेर उभा राहून मले शिव्या देते. जिचं नाक शाबूत, तिच्यातला देत नाही." आणि मग नलिनीवहिनींकडं भाकरी मागितलीस. वहिनी म्हणाल्या, "जेवताना तरी मुडदे बाजूले ठेवा." तू बाजूला ठेवलेस, पण वाद नाही ठेवलास.

अंजनगाव सुर्जीची केळी आठवते? माझ्या एका गिऱ्हाइकाकडचं लग्न होतं. जेवणं आटोपल्यावर आपण दोघं कोट काढून मागच्या शेतात गेलो, कारण पातेलं माझ्या गाडीच्या डिकीत होतं आणि लग्नात आपलं काही काम नव्हतं. वारा आला. पातेलं कुंपणावरून पलीकडच्या केळीच्या बागेत शिरलं. पानं फाटल्याचा असा आवाज झाला की कुणी चादरींचं दुकान फाडतंय. आपण आत गेलो तर माझी कार्बनची पाती चकचकीत, एक ओरखडा नाही. त्यांच्या आतला दांडा मात्र वाकला होता, सांगाडा चिरला होता, आणि समोरचा केळीचा अख्खा घड देठातून कापला जाऊन जमिनीवर पडला होता. बागवाले काका आले. त्यांनी आधी घड पाहिला, मग आपल्याला पाहिलं.

"हे काय हो?"

तू हात जोडून म्हणालास, "काका, हे हेलिकॉप्टर लई मजबूत आहे."

काकांनी पुन्हा घडाकडं पाहिलं. "दिसून राहिलं," म्हणाले.

परतीच्या रस्त्यावर परतवाड्याच्या फाट्यापर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस. तुझ्या मानानं तो विश्वविक्रम होता. मग एकदम म्हणालास, "तू ज्याले मजबूत म्हणतं ना, ते मार खातच नाही. दुसऱ्याच्या पदरात टाकते." मी म्हटलं, केळीच्या घडानं मध्ये यायचं नव्हतं. पण ते वाक्य माझ्या मनात बसलं, आणि मी ते तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू वर्षभर मिरवलं असतंस.

आपलं खरं मैदान मात्र तुझे साळे बंडूभाऊ यांचं शेत, मूर्तिजापूरजवळचं. तुला अकोल्याहून आणि मला अमरावतीहून सारखंच लांब, म्हणजे उशीर कुणाला झाला यावरून भांडायची सोय नव्हती. काळ्या मातीवर हेलिकॉप्टर पाडण्याचं शास्त्र आपण तिथं घडवलं. नांगरलं असेल तर ढेकळं मार झेलतात, पण पाय अडकून यंत्र उलटतं. पावसाळ्यात चिखल ते असं धरून ठेवतो की काढताना शेपूट हातात येतं. उन्हाळ्यात तीच जमीन दगड होते, आणि वर भेगा. तुझ्या एका हेलिकॉप्टरचं शेपटीचं पातं त्या भेगेत गेलं ते गेलंच. बंडूभाऊ म्हणाले, "राहू द्या भाऊजी, पावसात उगवन." आणि कापूस फुटलेल्या शेतावरून उडवायची अक्कल आपल्याशिवाय कुणाला सुचली असती? यंत्र पऱ्हाटीत पडलं, बोंडं फुटून त्यांचा कापूस दांड्याला असा गुंडाळला गेला की आतून मोटर काढायला तू चिमटा घेऊन संध्याकाळपर्यंत बसलास. बंडूभाऊ तुझ्या शेजारी उकिडवे बसून शांतपणे विचारत होते, "वेचाची मशीन आणली का तुमी? रेट काय हाये?"

अलीकडे तू जोडत होतास ते तुझं शेवटचं यंत्र. तू त्याला नाव ठेवलं नव्हतंस, म्हणालास, पडल्यावर ठेवू. तुझा दावा तू फोनवर सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलास. बंडूभाऊंच्या शेतातल्या निंबाच्या शेंड्याच्या उंचीवरून, मोटर चालू ठेवून, कडक जमिनीवर पाडायचं. तुटली तर फक्त पाती आणि चक्री तुटतील. दुसरं काही नाही. चहा होऊन पिऊन होईपर्यंत ते पुन्हा उडेल.

मी म्हटलं, "तुझं डोकंच प्लास्टिकचं आहे."

"रविवारी ये. दाखवतो."

हे आपलं शेवटचं बोलणं. गुरुवारी पहाटे वहिनींनी चहाला हाक मारली तर तू उठला नाहीस. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. मी एवढंच म्हणेन की आयुष्यभर प्रत्येक यंत्राच्या आत सहज बदलता येईल असा एक नाजूक भाग बसवणाऱ्या माणसानं स्वतःच्या बाबतीत मोठी हयगय केली. हा विनोद मी वहिनींपुढं केलेला नाही. तुझ्यापुढं केला, कारण तू हसला असतास, आणि तो हसलेला आवाज ऐकायची मला या दिवसांत वारंवार तलफ येते.

तेरवीनंतर तुझ्या दिवाणखान्यात प्रश्न निघाला की त्या यंत्राचं काय करायचं. तुझ्या पुतण्याचं म्हणणं पडलं, काचेच्या पेटीत घालून काकांच्या फोटोशेजारी ठेवू. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. पेटीतलं हेलिकॉप्टर पडत नाही, आणि जे पडत नाही ते हरत नाही.

वहिनी आत कांदे चिरत होत्या. हातात सुरी तशीच घेऊन बाहेर आल्या.

"भाऊजी, ते पाडाचं होतं ना?"

"होतं. पण आता..."

"त्याईनं रविवार म्हटलं होतं. तो रविवार तं गेला. पुढचा येते."

पुतण्या म्हणाला, काकू, तुटलं म्हणजे? काकांच्या हातचं शेवटचं आहे.

वहिनींनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. माझ्याकडंच बघत म्हणाल्या, "मिक्सर दुरुस्त करून देतो म्हणत, अजून खोक्यात पडला हाये. गच्चीची मोरी, तेच. मोठमोठ्यानं बोलाची सवय होती त्याईले. हे एकच असं हाये का जे घेऊन ते रोज बसत. मले एकडाव पाहाचं आहे, हे तरी खरं होतं का नुसतंच बोलणं होतं."

दिग्या, मी भांडेवाला आहे, माणसाच्या आवाजातला ठणकार मला कळतो. त्या बाईनं तुझं शेवटचं जे काही उरलंय ते पणाला लावलं होतं. मोडलं तर यंत्रही गेलं आणि तुझा शब्दही गेला. उरेल तो खोक्यातला मिक्सर.

तर गेल्या रविवारी मी अमरावतीहून गाडीनं निघालो. वहिनींना म्हटलं, मी अकोल्याला येऊन घेऊन जातो. त्या म्हणाल्या, काही गरज नाही, बस आहे. यंत्र चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन आल्या. कंडक्टरनं विचारलं, मावशी, हे काय? त्या म्हणाल्या, "घरचं हाये." सुटे भाग एका डब्यात होते. डबा मी ओळखला. माझ्याच दुकानातला, जाड पत्र्याचा, स्टीलचा. लेका, तुझ्या त्या प्लास्टिकच्या चक्र्या जपायला शेवटी माझा धातूच लागला. याची नोंद घ्यावी.

बंडूभाऊंनी विटांच्या चुलीवर चहाचं आधण ठेवलं. जमीन उन्हानं तापून टणक झाली होती, तुला हवी तशी. मी रिमोट हातात घेतला. यंत्र उचललं, आणि पहिल्या क्षणाला मला कळलं की हे तू किती बारकाईनं बसवलं आहेस. हवेत असं उभं राहिलं, जणू वरून कुणी धरलंय. मी ते निंबाच्या शेंड्याएवढं वर नेलं.

आणि मग मी लबाडी केली.

मला तुला जिंकवायचं होतं. अर्धं आयुष्य ज्याला हरवायला निघालो, तो गेल्यावर त्याला हरवण्यात काय मजा? मी यंत्र खाली सोडलं, आणि जमीन जवळ येताच गुपचूप मोटर बंद केली. फिरत्या पात्यांवर जे थोडंफार तोलता येतं ते तोललं. यंत्र टेकलं, आडवं झालं, एक पातं टोकाला चिरलं. बाकी सगळं शाबूत. मी तोंड शक्य तितकं चकित केलं. नाटकात मी राजा झालेलो आहे, मला ते येतं.

"वहिनी," मी म्हटलं, "मानलं बुवा आपल्या दिग्याला."

वहिनी निंबाखाली बसल्या होत्या. यंत्राकडं न बघता त्या म्हणाल्या, "भाऊजी, काहून चोरी करून राहिले?"

"कसली चोरी?"

"आवाज आधी बंद झाला. पडलं मागून." त्या शांतपणे उठल्या. "इतके वर्षं मी काही पाह्यलं नसन तुमचं. पण ऐकलं सारं. त्याईचं पडे तवा आवाज थांबे नाही. तो किचाट होये, मंग शिव्या होयेत. तुमी हळू पाडलं."

बंडूभाऊ चुलीपाशी हसायला लागले. "पकडलं बाईनं."

मी म्हटलं, "वहिनी, खरंच पाडलं तर तुटेल हो."

"तुटू द्या. त्याईनं तुटासाठीच बनवलं होतं ना?" मग थोड्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमी त्याले उचलून धरून राहिले, भाऊजी. त्याले उभं राहता येते का, ते मले पाहाचं हाये."

त्याले. म्हणजे यंत्राला. त्याईले, म्हणजे तुला, नाही. तू असतास तर हे तुझ्या लक्षात आलं असतं का कोण जाणे, पण माझ्या आलं.

मी चिरलेलं पातं बदललं, नवी बॅटरी लावली आणि पुन्हा वर नेलं. या वेळी दिग्या, मी तुझा जुना वैरी झालो. तुझी सगळी फुशारकी आठवली, परतवाड्याचा फाटा आठवला. नाक खाली केलं आणि मोटर पूर्ण चालू ठेवून ते सरळ जमिनीत घातलं.

आवाज थांबला नाही. आधी लाकूड फुटल्याचा कडाका, पात्यांच्या काड्या चौफेर उडाल्या, एक तुकडा चहाच्या भांड्याजवळ पडला. मग आतून एक बारीक कर्रर्र, जात्यात खडा आल्यासारखी. चक्रीचे दात झडत होते. मग मी मोटर बंद केली. शेतात इतकं शांत झालं की चुलीवरचं आधण ऐकू आलं.

पंचनामा आपण करायचो तसाच केला. बंडूभाऊंचा दुपट्टा पसरला आणि एक एक भाग काढून मांडला. पाती दोन्ही गेलेली, तू म्हणालास तशी. चक्रीचा एक तृतीयांश भाग बोडका. आता दांडा. तू तो वाकलाय का ते काचेवर लोळवून बघायचास. काच नव्हती, म्हणून मी मोबाईल दिला, आणि वहिनींनी स्वतः दांडा त्याच्यावर ठेवून बोटानं ढकलला. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थबकता, न उडता गेला. त्यांनी परत ढकलला. परत तसाच. सांगाड्याला चीर नाही. शेपूट सरळ. मी भिंग लावून शोधलं, कारण मी वादी आहे आणि माझं ते कामच आहे.

आणि मला सापडलं. एक पाय मोडला होता.

पायाचं तू काही बोलला नव्हतास, दिग्या. पाती आणि चक्री म्हणाला होतास. मी तसं स्पष्ट सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "पाय म्हणजे काही यंत्र नाही." मी म्हटलं, पाय तुटलेला माणूस तुम्ही शाबूत समजाल का? बंडूभाऊ म्हणाले, "तुमी भांडा, मी बांधतो," आणि पऱ्हाटीची एक वाळकी काडी मोडून आणली, मोडक्या पायाला लावली आणि सुतळीनं करकचून बांधली. तुझ्या नव्या यंत्राचा एक पाय आता कपाशीचा आहे. या गडबडीत चहा उतू गेला, तेव्हा तुझ्या मुदतीचं नक्की काय धरायचं यावर पुढं वाद होईल. मी तो उघडा ठेवतो. एखादा तरी असावा.

नवी चक्री बसवताना माझे हात जरा सावकाश चालले. ती बसली आणि दातांत दात मिसळल्याचा तो हलका टक् आवाज आला, तेव्हा मला समजलं की तू या चक्रीसाठी जागा अशी ठेवली होतीस की बदलणाऱ्याला एकच स्क्रू काढावा लागावा. म्हणजे तोडताना तू दुरुस्त करणाऱ्याचा विचार केला होतास. ते दुरुस्त करणारे हात तुझे असतील असंच तू धरलं असशील. या एका गोष्टीसाठी मी तुला हे लिहितो आहे. केळीच्या बागेपासून मला तुला जे सांगायचं राहिलं होतं ते हेच. तू बरोबर होतास. पाय सोडून.

मी रिमोट उचलला. पाती फिरू लागली. पऱ्हाटीच्या पायामुळं यंत्र आधी एका बाजूला झुकलं, थरथरलं, आणि मला वाटलं उलटतं. मग जमिनीपासून सुटलं. हवेत गेल्यावर पायाचा काही संबंध राहिला नाही. ते निंबाच्या खालच्या फांदीएवढं वर जाऊन उभं राहिलं, मघाशी राहिलं होतं तसंच, आवाज एकसारखा. बंडूभाऊंनी उरलेल्या चहाचे कप हातात तसेच धरले होते.

मी यंत्र उतरवायला घेतलं. मला वाटलं वहिनी रडतील. म्हणून मुद्दाम वरच बघत राहिलो. त्या निंबाखालून निघून, पदर खोचत, माझ्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या, आणि माझ्या हातातल्या रिमोटवर हात ठेवून म्हणाल्या,

"द्या इकडं. आता मी पाडतो."